पप्पा विचारतात, "मी बरा होणार का रे?" आशा ठेवायची म्हणजे "हो" म्हणायचं का?

वाडीवाला_वसई

जय येशू मंडळी. विषय घरचा आहे, पण घरात विचारायची सोय नाही म्हणून इथे लिहितोय.

पप्पा ६८ वर्षांचे. साखर जुनी, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं मशीन, दर वेळी चार तास. सोम-बुध-शुक्र पहाटेची शिफ्ट मिळाली आहे, मी सोडतो आणि तिथूनच कामावर जातो. हृदयही कमजोर आहे, त्यामुळे डॉक्टरांनी किडनी बदलण्याचा विषय स्वच्छ शब्दांत बंद केला. म्हणजे आता आहे ते मशीनच, जेवढे दिवस चालेल तेवढे.

आमच्याकडे दर गुरुवारी प्रार्थना गट येतो. माणसं प्रेमाची आहेत, पहिल्या महिन्यात डबेसुद्धा त्यांनीच दिले. पण त्यांचं म्हणणं, "नकारात्मक बोलायचं नाही. बरे झालात असं समजून आभार माना." आई त्यांच्या बाजूची. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं की ती म्हणते, तुझा विश्वास कमी पडतो.

आणि पप्पा, गाडीत, हळूच विचारतात, "मी बरा होणार का रे?" मी "हो" म्हणतो. ते गप्प बसतात. मला कळतं की त्यांना कळतं.

२०२५ हे कॅथोलिक चर्चचं ज्युबिली, म्हणजे पवित्र वर्ष; ते सबंध वर्ष आमच्या चर्चवर 'आशेचे यात्रेकरू' असा फलक होता. दर दुसऱ्या रविवारी प्रवचन आशेवर. ते वर्ष सुरू करणारे पोप फ्रान्सिस एप्रिलमध्येच गेले, आणि ६ जानेवारी २०२६ ला रोममधलं पवित्र दार बंद करून ते संपवलं पोप लिओंनी. एवढं वर्षभर ऐकूनही सोमवारी पहाटे गाडीत बसलो की मला प्रश्न तोच. जो बरा होणार नाही, त्याच्यासाठी आशा कशाची ठेवायची?

अजून एक. पुढच्या गुरुवारी बाहेरगावचे कोणी प्रार्थना करणारे पाहुणे येणार आहेत. गटातल्या एकाने सुचवलं की त्यानंतरच्या शुक्रवारी मशीन सोडून बघा, विश्वासाचं पाऊल म्हणून. आई विचार करतेय.

आनंदी_मन

भाऊ, बायबलमधलं यिर्मया २९:११ वाचा. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे वचन फ्रेम करून पप्पांच्या खाटेसमोर लावा. आमच्या घरी चमत्कार झालाय. प्रार्थनेत आहात. 🙏

मिरजेची_मावशी

आधी शेवटचं बोलते, कारण त्याला तारीख आहे.

मशीन सोडायचं नाही. एकसुद्धा नाही. मी परिचारिका होते, निवृत्त झाले, त्यातली बरीच वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात काढली. मशीन चुकवलेला माणूस रात्री कसा येतो ते मला माहीत आहे. आडवं झोपता येत नाही, धाप लागते, फुफ्फुसात पाणी. ते निदान दिसतं तरी. पोटॅशियम वाढतं ते दिसतही नाही, हृदय एकदम थांबतं. तुमच्या वडिलांचं हृदय आधीच कमजोर, आणि शुक्रवार चुकला तर पुढची पाळी थेट सोमवारी. हे आईला माझ्या नावाने सांगा. युनिटच्या डॉक्टरांना फोन लावून त्यांच्याच तोंडून ऐकवा.

आणि विश्वासाचं म्हणाल तर, मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं येशूला कोण म्हणालं होतं? सैतान, आणि तोही वचनाचा आधार देऊन, स्तोत्र ९१ मधला. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, एवढंच उत्तर दिलं आणि तिथेच उभा राहिला.

बाकीचं जेवून लिहिते. (सिस्टर म्हणू नका, लोक मला मठातली समजतात. मावशी म्हणा.)

मिरजेची_मावशी

हां, आता बसते नीट.

वरती कोणीतरी यिर्मया २९:११ दिलंय. वचन चांगलंच आहे, माझ्याही भिंतीवर होतं. पण त्याच्या अगोदरची ओळ वाचा. दहावी. तिथे लिहिलंय की बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन. ७० वर्षं! हे पत्र यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्यांना लिहिलेलं आहे. ज्या बापाच्या हातात ते पडलं, त्याने हिशोब केलाच असेल की आपण काही परत जात नाही. त्या लोकांना यिर्मया काय सांगतो? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. उलट, लवकर सुटाल असं सांगणारे संदेष्टे तिथे होते, आणि यिर्मया त्यांना खोटे म्हणतो. फ्रेम लावायची तर आख्खा अध्याय लावा, भिंत मोठी लागेल.

त्याच पुस्तकाचा ३२ वा अध्याय मात्र तुम्ही गाडीत बसून वाचाच. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला. यिर्मया स्वतः कैदेत, पहारेकऱ्यांच्या चौकात, कारण शहर पडणार हे त्याने राजाला तोंडावर सांगितलेलं. अशात त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ शहराबाहेर, म्हणजे शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. असलं शेत कोण घेईल? हा घेतो. १७ शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. टिकाव्यात म्हणून. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा देवाचा शब्द आहे म्हणून.

आता यात काय काय आहे बघा. शहर वाचेल असं यिर्मया म्हणत नाही. शहर पडणार हे तो आधी बोललाय आणि नंतरही बोलतो. ते शेत त्याला कसायला मिळणार नाही हेही उघड आहे. तरी व्यवहार चोख करतो. आणि गंमत म्हणजे सगळं उरकल्यावर प्रार्थनेला बसतो आणि देवाला म्हणतो, मोर्चे येऊन भिडलेत, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय, आणि तू मला सांगतोस की रोख देऊन शेत घे? म्हणजे त्याचं स्वतःचं डोकं अजून चक्रावलेलंच आहे. सही आधी केली, प्रश्न नंतर विचारला.

मला ख्रिस्ती आशा कळली असेल तर ती या अध्यायात. वॉर्डातही मी तीच शोधायचे. तिथे दोन तऱ्हेची घरं बघितली.

एक शिंपीकाम करणारे गृहस्थ होते. घरचे सगळे कायम हसतमुख, "काही होत नाही तुम्हांला, बरे होऊन घरी जायचंय." त्यांना बायकोला काहीतरी सांगायचं होतं, कोणाकोणाचे पैसे येणं आहे आणि कोणाचं देणं आहे ते. तोंड उघडलं की बायको म्हणायची, असं अभद्र बोलू नका. मला म्हणाले, "सिस्टर, माझं कोणी ऐकून घेत नाही." शेवटी मीच एका औषधाच्या कागदाच्या पाठीवर उतरवून घेतलं. माणूस घरच्यांनी भरलेल्या खोलीत एकटा होता.

दुसऱ्या एक म्हाताऱ्या बाई, तासगावकडच्या. सही करण्यापुरतं अक्षर. त्या सरळ म्हणायच्या, "मी आता प्रभूकडं चाललेय, पण आज नव्हं." पाटल्या कोणाला, म्हैस कोणाकडे ठेवायची, सगळं लेकीला आणि सुनेला समोरासमोर बसवून सांगितलं. त्या दोघींचं बोलणं बंद होतं, ते तिथेच वॉर्डात सुरू झालं. आणि गोळी पाच मिनिटं उशिरा दिली तर मला ओरडायच्या! जगायचं नव्हतं असं अजिबात नाही. सकाळी वेणी घालून घ्यायच्या, पाणी वाटीने मोजून प्यायच्या. मरणाची गोष्ट उघड बोलता येत होती, म्हणून जगायलाही मोकळ्या होत्या.

दोन्ही घरं चर्चला जाणारी. दोन्हीकडे प्रार्थना व्हायची. आशा त्या दुसऱ्या घरात होती. पहिल्या घरात नुसती भीती होती, तोंडाला हसू लावलेली.

तुमच्या प्रार्थना गटाला शत्रू करू नका. डबे दिलेत त्यांनी, ते लहान काम नाही. बरं करण्यासाठी प्रार्थना करायची नाही असंही मी म्हणत नाही. मी अजूनही करते, नाव घेऊन करते. मागणं वेगळं आणि मिळालंच असं गृहीत धरून माणसाचं तोंड बंद करणं वेगळं. आणि 'नकारात्मक बोलल्याने' कुणाच्या किडन्या जात नाहीत. साखरेने जातात.

पप्पांना काय सांगायचं? आधी त्यांना विचारा, "तुम्हांला काय वाटतं?" आणि गाडी बाजूला घेऊन गप्प बसा. ते बोलतील. मग खरं सांगा. किडनी परत येणार नाही. मशीनवर जेवढं चांगलं जगता येईल तेवढं आपण जगू, त्यासाठी जे लागेल ते करू. मी आहे. एवढं झाल्यावर देवाबद्दल बोलायचं असेल तर ते बोलतील, तुम्ही घाई करू नका. मेलेल्या लाजरला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेपाशी तो आधी रडलाच ना.

रोखठोक_पुणे

मी नास्तिक आहे, तरी धागा वाचत होतो. मावशींचं मशीन न सोडण्याबद्दलचं बोलणं सोन्यासारखं. पण एक प्रामाणिक शंका. पप्पांना जगवतंय ते मशीन, डॉक्टर आणि सरकारी योजनेचे पैसे. मग ही 'आशा' नक्की काय करते? मरणानंतर चांगलं होईल असं सांगून माणसाला आत्ताच्या दुःखाशी जुळवून घ्यायला लावायचं, हे जुनं औषध आहे आणि ते गरिबांनाच जास्त पाजलं गेलंय.

नगरचा_गुरुजी

रोखठोक, तुमची शंका आमच्याच घरात जन्मलेली आहे, माझा धाकटा भाऊ हेच म्हणतो. मी निवृत्त शिक्षक, धर्मपंडित नव्हे, तरी एक दाखवतो.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय सगळा पुनरुत्थानावर आहे. ५७ वचनं. मेलेले उठतील, हे नाशवंत शरीर अविनाशीपण धारण करील, मरणा तुझा विजय कुठे वगैरे. एवढं चढत चढत गेल्यावर ५८ व्या वचनात तो काय म्हणतो? म्हणून स्वस्थ बसा, स्वर्गाची वाट बघा? नाही. म्हणून काम करत राहा, तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत. आणि लगेच पुढच्या अध्यायाचं पहिलंच वाक्य वर्गणीबद्दल! यरुशलेममधल्या गरजूंसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे पैसे बाजूला ठेवावेत. अध्यायांचे आकडे पुष्कळ नंतर घातले गेले, पौलाच्या पत्रात तिथे खंड नव्हता.

त्यात शरीर उठणार असं म्हटलंय. नुसता आत्मा सुटून जाणार असं नव्हे. शरीराला एवढी किंमत असेल तर शरीराची शुश्रूषाही आशेतच आली. मावशींच्या मिरजेत डॉक्टर वानलेस १८९४ मध्ये दवाखाना घालून बसले ते रोग्यांना मरणाशी जुळवून घ्यायला शिकवायला नव्हे. केडगावच्या पंडिता रमाबाई घ्या. दुष्काळातल्या मुली गोळा केल्या, त्यांना छपाईपर्यंतची कामं शिकवली. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. सगळं काम जिच्यावर सोपवायचं होतं, तीच. रमाबाई थकलेल्या, बहिऱ्या झालेल्या, तरी हिब्रू आणि ग्रीकमधून चाललेलं बायबलचं भाषांतर त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. याला औषध पाजून झोपवलेली बाई म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

गरिबांना स्वर्ग दाखवून गप्प केलं गेलं, हे मात्र मी नाकारत नाही. झालंय, आमच्या लोकांनीही केलंय.

रोखठोक_पुणे

देव पटला नाही. वर्गणीचा मुद्दा पटला. 🙂

दृढीकरण_वर्ग

वाडीवाला, मी तुमच्याच भागातला, दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन संस्काराच्या) मुलांना शिकवतो. गुरुवारी गटाशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आपल्या कॅथोलिक शिकवणीत आशेविरुद्धची पापं दोन आहेत. निराशा सगळ्यांना माहीत असते. दुसरं म्हणजे देवाला गृहीत धरणं. मुलांना मी नेहमी विचारतो की दुसरं पाप कसं दिसतं, आणि त्यांना उदाहरण सापडत नाही, कारण ते बाहेरून फार भक्तिभावाचं दिसतं. मशीन सोडून बघणं हे त्या दुसऱ्याचं उदाहरण. हे तुम्ही सांगण्यापेक्षा फादरांनी सांगितलेलं बरं. बुधवारीच जाऊन भेटा, आणि पाहुणे येतील तेव्हा फादरांनाही घरी बोलवा. पप्पांना आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार (फादर तेल लावून प्रार्थना करतात तो) मिळाला नसेल तर तोही विचारा. तो फक्त शेवटच्या घटकेचा, असं अजून पुष्कळ घरांत समजतात, म्हणून लोक फादरांना बोलवायलाच घाबरतात.

येशूला क्रुसावर दिल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेने चाललेले ते दोघे शिष्य आठवतात? "आम्हांला आशा होती," म्हणतात ते. भूतकाळात. त्यांची आशा ठरलेली होती, तो इस्राएलची सुटका करील. ज्याच्याजवळ ते ही तक्रार करत होते तोच उठलेला प्रभू होता, आणि त्याने ती आशा काही त्यांच्या मनासारखी पुरी केली नाही. रोमी लोक तिथेच राहिले. तो फक्त बरोबर चालला, त्यांना शास्त्र उलगडून सांगितलं आणि त्यांच्या ताटाला बसला. मला हा उतारा अजून पूर्ण झेपत नाही, पण तुमची पहाटेची गाडी वाचून तोच आठवला.

वाडीवाला_वसई

सगळ्यांचे आभार. थोडं काय झालं ते सांगतो.

युनिटच्या डॉक्टरांशी आईचं फोनवर बोलणं करून दिलं. मशीन सोडायचा विषय संपला. फादर गुरुवारी आले, त्यांनी तैलाभ्यंग दिला आणि पाहुण्यांसकट सगळ्यांना सांगितलं की शुक्रवारी पहाटे ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी आळीपाळीने युनिटला सोबत यावं. दोघांनी नावं दिली! गटातली एक काकू मात्र रागावली आहे, माझ्याशी बोलत नाही. असो.

शुक्रवारी गाडीत मी विचारलं, "पप्पा, तुम्हांला काय वाटतं?" पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "मला वाटतं, वाडी तुझ्या आईच्या नावावर करायला हवी. विहिरीजवळचा तुकडा तुला." मी तयारी करून गेलो होतो मरणाबद्दल बोलायची, आणि ते सात-बाऱ्यावर बोलले. विहिरीच्या मोटरचं काय करायचं, केळीचे कोंब कोणाकडून आणायचे, कुठल्या भावाला वाट द्यायची नाही, पोहोचेपर्यंत तेच. एवढं ते गेल्या सहा महिन्यांत बोलले नव्हते. देवाबद्दल एक शब्द नाही. उतरताना म्हणाले, "उद्या पुन्हा बोलू."

मावशी, आता हे कागदपत्रांचं कसं करायचं ते मला कळत नाही. त्यांना आत्ता लगेच नावावर करायचं नाहीये, त्यांच्यानंतर तसं व्हावं असं म्हणतात. आई म्हणते, मृत्युपत्र हा शब्दच अशुभ.

मिरजेची_मावशी

आईला यिर्मयाचा ३२ वा अध्याय वाचून दाखवा. आख्खा. खरेदीखत, साक्षीदार, मोहर, सगळं आहे त्यात, काही अशुभ नाही.

मी वकील नव्हे, पण वॉर्डात यावरून झालेले घोळ इतके बघितले की तोंडपाठ झालंय. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या बायकोने अथवा नवऱ्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर मृत्युपत्र राहतं, पण त्याला दिलेलं जातं. म्हणजे तुम्ही नाही, आई नाही, तुमची बायकोही नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊबंदकीचा वास येतोय तुमच्या लिहिण्यातून, तेव्हा करून घ्या. पप्पा शुद्धीवर आणि समजून बोलत आहेत असं त्यांच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाच्या तारखेने लिहून घ्या. मसुदा वकिलाकडूनच करा.

सहीसाठी मशीनचा दिवस धरू नका, त्या दिवशी माणूस गळून गेलेला असतो, सहीपण हलते. मंगळवार किंवा गुरुवार सकाळ घ्या. साक्षीदार म्हणून वयाने लहान असलेले दोघे बघा, उद्या बोलवायची वेळ आली तर ते हयात पाहिजेत. आणि त्या रागावलेल्या काकूला विचारून बघा की.